गाई राखणाऱ्यांचं आडनाव

इंग्लंडमधल्या आमच्या मेडनहेड गावाबाहेरच्या शेतांत शेणखत पडलं की त्याचा वास आमच्या गल्लीपर्यंत येतो आणि मला शेजारचे इंग्रज आजोबा आठवतात. बायको गेल्यापासून ते एकटेच राहायचे. असाच वास सुटलेल्या एका संध्याकाळी, कुंपणापाशी बोलता बोलता त्यांनी मला माझ्या आडनावाचा अर्थ विचारला. ‘गवळी म्हणजे गाई राखणारे, दूध विकणारे,’ मी म्हणाले. ते जरा घुटमळले. ‘माझं जन्माचं आडनाव कॉवर्ड. भित्रा. शाळेत त्यावरून इतकं चिडवायचे, की लग्नात मी बायकोचं आडनाव घेतलं. वडील लग्नाला आलेच नाहीत.’ मी कुतूहलानं फोनवर शोधलं. त्या आडनावाचा भित्रेपणाशी काही संबंधच नव्हता. गाई राखणारा तो काउहर्ड, आणि लोकांच्या तोंडी त्याचंच पुढे कॉवर्ड झालेलं. ‘म्हणजे आपण दोघं एकाच आडनावाचे की,’ मी हसून फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. ‘वडील हेच सांगायचे,’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘मला वाटायचं, माझी समजूत काढायला रचून सांगतायत. शेवटच्या भांडणात मी त्यांना खोटारडे म्हणालो. त्यानंतर आमची भेट झाली नाही.’ मग ते ‘थँक यू’ म्हणून आत गेले. आज तेही नाहीत. मी खरं तेच दाखवलं होतं, हे कळतं. पण इतक्या म्हातारपणी त्यांना ते दाखवायलाच हवं होतं का, ही बोच काही जात नाही.