रांगेतला पहिला मेसेज
शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की मला ब्रह्मपुरीतली आमच्या बचत गटाची खोली आठवते. एका पावसाळ्यात ठरलं, शिलाईची कामं आता सगळ्यांच्या मोबाईलवर येणार. पहिल्या दिवशी, गटाच्या कॉम्प्युटरवर कामं वाटणारा प्रोग्राम बसवणाऱ्या मुलीने समजावलं, “मेसेज रांगेत येते. एकीनं दाबून उचलला का मंग दुसरीले दिसत नाई.” पहिल्याच दिवशी काम मिळालं तरच पुढे गटात जा, असं सासूबाईंनी मला बजावलं होतं. हे मी फक्त शेजारच्या मशीनवरच्या मैत्रिणीला सांगितलं होतं. पंखा घरघरत होता, बाहेरून ओल्या धानाचा वास येत होता. प्रोग्राम सुरू झाला, मोबाईल थरथरला आणि लग्नाच्या ब्लाउजांचा मेसेज दिसला. माझं बोट पुढे गेलं, तशी मैत्रीण म्हणाली, “थांब वं, आताच दाबू नोको, बिघडून जाईन.” मी बोट मागे घेतलं. मेसेज नाहीसा झाला. काम तिच्या मोबाईलवर गेलं होतं. “अवं, माया हातून दबलं वाट्टे,” ती हसली. त्या दिवशी दुसरं काम आलंच नाही. ती अजूनही बाजारात भेटली की विचारते, “काऊन वं, गट काऊन सोडला?” आणि मी मान खाली घालून सांगते, घरी काम लय असते.