बिनधुराचे निखारे आणि कुमुदताईंची उदबत्ती

कुमुदताईंना मी प्रथम पाहिलं ते बडोद्याच्या कारेलीबागेतल्या आमच्या सार्वजनिक सभागृहात, उद्घाटनाच्या दिवशी. पूजा आटोपली होती आणि या बाई पेटती उदबत्ती घेऊन, देवाकडे पाठ करून, भिंतीवरच्या हवेच्या जाळ्यांपाशी उभ्या होत्या. व्यवस्थापक रमेशभाई हसून म्हणाले, "कुमुदबेन, भगवान तो स्टेज पर छे!"

"अने श्वास अहीं छे, भाई," जाळीकडे बोट दाखवत ताई शांतपणे म्हणाल्या; देव तिकडे, पण श्वास इथे.

मोठ्या इमारतींत हवा खेळती ठेवण्याच्या यंत्रणा उभारण्यात या इंजिनिअर बाईंची हयात गेली, हे मला नंतर कळलं. उदबत्तीचा धूर जाळीकडे ओढला गेला की त्या पुढे सरकत. जागीच घुटमळला की थांबत. मला कॉन्व्हेंटमधल्या आमच्या सिस्टर आठवल्या. भर थंडीतही प्रार्थनेआधी त्या वर्गाच्या सगळ्या खिडक्या उघडायला लावत. आम्ही कुडकुडत कुरकुरायचो.

ताईंचं मोल मला कळलं ते भीतीतून. जानेवारीतली संध्याकाळ होती. सभागृहाच्या तळघरात मुलं नाचासाठी नटून बसली होती. त्यांत माझी नात मीरा. डेकोरेशनवाल्यांनी जाळ्यांवर गुलाबी सॅटिन ताणून बसवलं होतं. मुलं गारठली म्हणून रमेशभाईंनी बाहेर पोंक, म्हणजे आपला हुरडा, भाजणाऱ्यांच्या कोळशाच्या शेगड्या मायेने आत आणून ठेवल्या आणि दार लोटून घेतलं. निखारे लालबुंद, धूर मुळीच नाही. सगळ्यांना बरं वाटलं.

मीरा म्हणाली, "आजी, डोकं दुखतंय." दुसरी मुलगी भिंतीला टेकून पेंगत होती. आम्हाला वाटलं, तालमीचा शीण.

तेवढ्यात नेहमीप्रमाणे ताई उदबत्ती घेऊन खाली आल्या. दार उघडताच त्यांना शेगड्या दिसल्या, जाळ्यांवरचं सॅटिन दिसलं. उदबत्ती त्यांच्या हातून गळूनच पडली. "पोरांना बाहेर काढा! आत्ता!"

"कुमुदबेन, पाहुणे आलेत, पडदा उघडायचाय..."

"रमेशभाई, मुलं झोपेला आलेली नाहीत, गुदमरताहेत!"

मीराला मी उचललं तेव्हा तिची मान माझ्या खांद्यावर लुळी पडली. ते वजन अजून माझ्या खांद्यावर आहे. अंगणात तिला उलटी झाली. पुढे इस्पितळात ऑक्सिजन लावून बसलेल्या मुलांकडे काचेतून पाहताना ताईंनी मला समजावलं, की बंद खोलीत निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग, ना वास. निखाऱ्याला धूर नसतो म्हणूनच माणूस फसतो.

सगळी मुलं वाचली. रमेशभाई कोपऱ्यात रडत होते. लोक त्यांना बोल लावू लागले तेव्हा ताई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. "त्यांना मुलांची थंडी दिसली. हवा कुणालाच दिसत नाही," एवढंच बोलल्या. मीरासाठी त्यांनी घरून मऊ खिचडी आणली होती, त्यातली अर्धी रमेशभाईंना खायला लावली.

आज मीरा हसते-खेळते. पण कुठल्याही बंद हॉलमध्ये कुणी "डोकं दुखतंय" म्हटलं की मी उठून उभी राहते. मी आधी भिंतीकडे बघते, मग दाराकडे, आणि मग ताई कुठे आहेत ते शोधते.

ताई, पंचाहत्तरीनंतरही तुम्हाला उदंड आयुष्य आणि निकोप प्रकृती लाभो. या प्रार्थनेत माझा स्वार्थ आहे. बडोद्यात अजून पुष्कळ जाळ्या कापडाखाली आहेत. तुमचा सत्कार त्याच सभागृहात, ऐन थंडीत आहे. रमेशभाईंनी दारं आणि जाळ्या स्वतः उघड्या ठेवायचं कबूल केलंय. तेव्हा आम्ही पांघरवू ती शाल तुम्हाला खरोखरच लागेल.