दारात थांबलेलं गाणं

डीजे गावात शिरला की मावशीच्या घरात ते आधी ताटांना कळतं. मांडणीवरची स्टीलची ताटं एकमेकींना लागून बारीक किणकिणायला लागतात. मग पत्रे. मग आपली छाती. गाणं सगळ्यात शेवटी. गेल्या लगीनसराईत मी तिच्या घरात बसून हे इतक्या वेळा पाहिलं, की अजूनही कुणी ताट जरा जोरात ठेवलं तर माझी मान दाराकडे वळते.

मावशी म्हणजे माझी सख्खी मावशी नव्हे, सगळ्या गावाची. म्हसावदच्या अलीकडे आमचं गाव. गावात शिरताना रस्त्याला लागून पहिलं घर तिचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी सुरतेकडे दिलेली. एकटी राहते. वय विचारलं तर म्हणते, “साठना पुढे गिनती सोडी दिनी.” आम्ही चार-पाच जणांनी डीजेच्या आवाजाविरुद्ध सह्यांची मोहीम काढली, आणि पहिलं घर तिचं म्हणून कागद घेऊन मी पहिली तिच्याकडे गेले.

“मावशी, इथे सही कर.”

“कसानी?”

“डीजे बंद करायचा आहे.”

“मंग मी नही करस.”

“अगं, तुझ्या भिंतीला तडे गेलेत. बघ ना वर.”

“जाऊ दे तडा. त्या डीजेमा मन्हं गानं वाजस.”

मी हसले. हसायला नको होतं. तिनं हातातलं फडकं बाजूला ठेवलं, चुलीकडे तोंड करून घसा साफ केला आणि म्हणाली:

याहीन बसनी फटफटीवर
पदर उडना आभायवर

माझ्या हातातला कागद तसाच राहिला. विहिणीची थट्टा करणारं हे गाणं आमच्या भागात माहीत नाही असा माणूस नाही. शाळेत असल्यापासून प्रत्येक हळदीत मी त्याच्यावर नाचले आहे. आणि तो आवाज हाच होता. बारीक, धारदार, शेवटच्या अक्षराला झटका देऊन वर फेकणारा. वयानं थोडा खरखरला होता, एवढंच.

ट्रंकेतून तिनं कॅसेट काढून दाखवली. मुखपृष्ठावर गॉगल लावलेली कुणी भलतीच मुलगी मोटरसायकलवर बसलेली. खाली गाण्यांची नावं, ढोलकीवाल्याचं नाव, आणि शेवटी दोन शब्द: ‘आणि पार्टी’. मावशी म्हणजे ती पार्टी.

हकीकत तिनं तुकड्या-तुकड्यानं सांगितली. शहाद्याच्या बसस्टँडवर कॅसेट विकणारा एक माणूस होता. त्यानं तिला कानबाई देवीच्या उत्सवात गाताना ऐकलं आणि सुरतेच्या एका स्टुडिओत नेलं, सोबत दोन भाच्या कोरसला. ए साईडला सहा गाणी, बी साईडला सहा. मधला माईक एकच. कुणी चुकलं की सगळ्यांनी पहिल्यापासून गायचं. दोन दिवसांत बारा गाणी उरकली. वर्षभरात ते विहिणीचं गाणं नवापूरपासून धुळ्यापर्यंत गाजलं. पुढे आणखी दोन कॅसेटी निघाल्या. मग सीडी आली, बसस्टँडवरचं दुकान बंद झालं, आणि मावशी कापूस वेचायला गेली.

“तुझं नाव का नाही छापलं त्यांनी?” माझा पारा चढायला लागला होता.

“त्या तं छापनारच व्हतात. सासरा म्हने, गा, पन नाव छापानं नही.”

“आणि तू ऐकलंस?”

“मंग? गानं बंद करू का नावसाठे?”

तिच्या रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी त्याच स्टुडिओत अक्कलकुव्याकडच्या डोंगरातल्या एका गड्यानं होळीची गाणी गायली होती. त्याचं गाणं तिच्याहून जास्त चाललं, असं ती मोठ्या मनानं सांगायची. “मन्हं गानं लगीनमा वाजे, त्यानं ट्रकमा. तो सोता माल भरे, आन वर केबिनमा त्यानंच गानं चाले. ड्रायव्हरले सांगे, हाऊ मी शे. तो म्हने, भर, भर, गोणी भर.” हे सांगून ती खूप हसली. मला हसू आलं नाही.

बोलताना मला एक गोष्ट दिसत होती. ती डावा कान पुढे करत होती, आणि माझ्या तोंडाकडे बघून अर्धं समजून घेत होती. म्हणून पुढच्या आठवड्यात मी तिला एसटीनं नंदुरबारला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं. उजवा कान गेलेला होता. डावा निम्मा शिल्लक होता.

“हिला मोठ्या आवाजापासून लांब ठेवा,” डॉक्टर मला म्हणाले. “हे उरलेलं गेलं तर मशीन लावूनही फारसा उपयोग नाही.”

मावशीनं त्यांना एकच विचारलं, “डॉक्टरसाहेब, आवाज तर चांगला शे ना मन्हा?”

म्हणजे मला सगळं माहीत होतं. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे जे झालं ते अजाणतेपणी झालं असं म्हणायची सोय मला नाही.

मी पत्रक लिहिलं. त्यात दोन मुद्दे होते. एक, ज्या आवाजावर अख्खा जिल्हा नाचतो त्या बाईला कुणी ओळखतही नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. दोन, हीच बाई डीजेमुळे बहिरी होत चालली आहे, तिच्या घरापाशी आवाज बंद ठेवा. मावशीला वाचून दाखवलं. नाव छापू का, विचारलं. तिनं कॅसेटच्या डबीवरून बोट फिरवलं. “छाप,” म्हणाली. “आते कोन शे रोकनारा?”

शहाद्याच्या छापखान्यात टाइप करणाऱ्यानं विचारलं, “ताई, मोठ्या अक्षरात काय घेऊ?”

मी क्षणभरही विचार केला नाही. म्हटलं, “वर मोठं घ्या: हा आवाज कोणाचा? खाली तिचं नाव ठळक. बाकीचं बसेल तसं बारीक.”

कानाचं, डॉक्टरांचं, आवाज बंद ठेवा हे सगळं त्या बाकीच्यात गेलं. पत्रक कसं वाचतात हे मला चांगलं ठाऊक होतं. चौकात उभा माणूस वरच्या दोन ओळी वाचतो आणि त्यात शेंगा बांधून घेतो. तरी मी तसं केलं. नावाचा राग जास्त होता, कानाची काळजी कमी.

आमच्याकडे नवरदेवाची मिरवणूक दुपारी मारुतीच्या पारावर जाते. वाटेत ज्या घराचा मान असेल त्या दारात वाजंत्री थांबते, त्या घरासाठी एक गाणं वाजवते, घरची बाई नारळ देते, मग पुढे. पूर्वी बँड थांबायचा, आता डीजे थांबतो. मान नाकारायचा नसतो. नाकारला की दोन्ही घरांचं बोलणं पुढच्या पिढीपर्यंत बंद. मावशीच्या दारात आजवर कधी कुणी थांबलं नव्हतं.

पत्रकानंतरच्या पहिल्याच लग्नात गाडी थांबली. ऑपरेटरनं माईकवर मावशीचं नाव पुकारलं. ती नारळ घेऊन ओट्यावर आली. गाणं लागलं. मूळ गाण्याची लय वाढवलेली, खाली ठोका घातलेला. पोरं तिच्या पाया पडत होती. एकानं माझ्याकडे बघून शाबासकीचा अंगठा उंचावला. मीही हात वर केला. खोटं कशाला लिहू?

दुसऱ्या लग्नात दोनदा वाजवलं. तिसऱ्या लग्नातली गाडी मोठी होती. मग गावात चढाओढच लागली. त्यांनी एवढे बेस आणले, आपण जास्त आणू. मावशीच्या दारात त्यांनी दोनदा वाजवलं, आपण चारदा वाजवू. शेजारचं कुत्रं ताटं किणकिणली की उठून शेताकडे निघून जायचं. समोरच्या वडावर साळुंक्या उतरेनाशा झाल्या. मी ऑपरेटरला गाठून सांगितलं, तिच्या दारात तरी आवाज कमी कर.

तो खरोखर दुखावला. “ताई, मान बी कोनी कमी करस का?”

सरपंचाच्या पुतण्याचं लग्न सगळ्यांत शेवटी होतं. दोन गाड्या बाहेरून येणार, असं आठ दिवस आधीपासून बोललं जात होतं. आमचं सह्यांचं निवेदन पोलिस ठाण्यात देऊन झालं होतं, पोच माझ्या पिशवीत होती. पण लग्नाच्या सकाळी मी पोच ठेवली बाजूला आणि सरळ नवरदेवाच्या बापापुढे जाऊन उभी राहिले. मांडवात आचाऱ्याशी वांग्यांवरून त्याचा वाद चालला होता.

“काका, मावशीच्या दारात थांबू नका. तिचा उरलेला कान जाईल.”

“अशी काय बोलस ताई? आम्हना घरना लगीनमा तिले मान नही देवाना?”

“मान द्या. साडी द्या, नारळ द्या. गाडी नका थांबवू.”

त्यानं आत जाऊन माझं पत्रक आणलं. लॅमिनेशन केलेलं. “तुन्हंच लिखेल शे ना हाई?” आणि मोठ्यानं वाचलं, “हा आवाज कोणाचा?” आचाऱ्यानं टाळ्या वाजवल्या. मी खालच्या बारीक ओळींवर बोट ठेवलं. त्यानं चष्म्यासाठी खिसे चाचपले, चष्मा सापडला नाही. “नंतर वाचसू,” म्हणाला.

तिथून मी मावशीकडे पळाले. म्हटलं, चल, आजच्या दिवस शहाद्याला माझ्या मैत्रिणीकडे. ती नवं लुगडं नेसून, वेणीत शेवंती माळून बसली होती. पाटावर नारळ तयार.

“घरम्हा पाहुना येई ऱ्हायनात आन मी पळी जाऊ?”

“मावशी, डॉक्टर काय म्हणाले आठवतं ना?”

“आठवस.”

“मग?”

“चाळीस वरीस ते गानं दुसरीनं तोंड लाईसन फिरनं. आते मन्हं नाव लिसन दारम्हा येई ऱ्हायनं. मी दार लावू का?”

ते वाक्य माझ्याच पत्रकातलं होतं, तिनं फक्त आपल्या बोलीत म्हटलं होतं. मी पिशवीतला कापूस काढला, दोन घट्ट बोळे केले आणि तिच्या कानांत बसवले. तिनं लहान मुलासारखे बसवून घेतले.

चार वाजता ताटं किणकिणली. मग एक ताट मांडणीवरून निसटून जमिनीवर पडलं. ते पडल्याचा आवाज मला आला नाही, इतकं तोवर सगळं भरून गेलं होतं. दोन्ही गाड्या दाराच्या दोन बाजूंना लागल्या. मावशी ओट्यावर गेली. मी मागून तिचा दंड धरला होता. नाव पुकारलं गेलं, तिच्या गाण्याचं पहिलं अक्षर लागलं, आणि तिनं दंड सोडवून घेतला. दोन्ही बोळे बोटांनी उपसून ओट्याखाली टाकले. माझ्याकडे वळून ती काहीतरी म्हणाली. ओठांवरून मला कळलं: कापूस घालीसन आपलं गानं ऐकतस का कोनी?

पाच वेळा वाजवलं.

रात्री तिनं डावा कान दाबून धरला. “भुंगा बसना कानमा,” म्हणाली. दुसऱ्या दिवशी भुंगा होता. तिसऱ्या दिवशीही होता. चौथ्या दिवशी मी तिला परत नंदुरबारला नेलं. डॉक्टर काचेच्या खोलीतून बाहेर आले आणि म्हणाले, डावाही गेला. मी पत्रकाची एक प्रत सोबत नेली होती, काय सांगायला नेली होती देव जाणे. ती पिशवीतच राहिली.

नवीन पत्रक मी छापलं आहे. त्यात मोठ्या अक्षरांत फक्त कानाचं आहे, तिचं नाव नाही. लोक ते घेतात, घडी घालतात, खिशात ठेवतात.

आता तुळशीचं लग्न झालं, पुन्हा मिरवणुका सुरू झाल्या. परवा मी तिच्याकडे बसून शेंगा सोलत होते. रस्त्यावर पोरांचा गलका, पत्रे थरथरत, आणि तिचंच गाणं, तोच झटका, भर दारात. मावशी रस्त्याकडे बघत नव्हती. ती मांडणीकडे बघत होती. ताटं हलताना दिसली तशी ती पदर सावरून उठली, पाटावरचा नारळ उचलला आणि मला म्हणाली,

“पाहुना उनात वाटतं. जाय, सांग त्यास्ले, मन्हं गानं लावा म्हना.”