उखा मास्तरचा राखाडी दरवाजा

सुरतेच्या कोसाड भागातल्या आमच्या सोसायटीत कुणाच्या घरी काय शिजतं ते मला वासावरून कळतं आणि कुणाचं काय बिनसलंय ते चपलांच्या आवाजावरून. त्यामुळे समोरच्या उखा मास्तरची गोष्ट मी सांगणार नाही तर कोण? त्याने स्वतः सांगितली असती तर त्यात तो एकटाच शहाणा निघाला असता.

उखा आमचा अमळनेरकडचा. एकोणिसाव्या वर्षी सुरतेला आला, मिलमध्ये ड्रम धुवायला लागला, आणि आज पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये कलर मास्तर आहे. व्यापारी साडीचा चिंधीएवढा तुकडा आणून देतो आणि उखा तस्साच रंग हजार मीटर कापडावर उतरवतो. या डोळ्यांचा त्याला भारी गर्व. माझ्या नव्या साडीकडे बघून म्हणेल, "वहिनी, पदर आणि अंग वेगवेगळ्या घाणीतले आहेत." घाण म्हणजे त्यांच्या मिलच्या भाषेत रंगाची एक खेप, पण तेव्हा मला ते कुठे माहीत! दोन दिवस मी त्याच्या बायकोशी, कलाबाईशी, बोलले नव्हते.

चार वर्षांपूर्वी त्याने जुनी मारुती घेतली. पांढरी, आणि वयाने त्याच्या मुलाएवढी. त्याच महिन्यात वरच्या मजल्यावरच्या बाबुरावांनी जुनी ओम्नी आणली. बाबुराव परभणीकडचे, लूम दुरुस्त करणारे, बोलायला कमी आणि रागवायला हळू. पण एकदा रागावले की महिनाभर राग उतरत नाही. दोघांची पहिली ओळख पार्किंगच्या भांडणात झाली. एका खांबाजवळच्या जागेवरून इतके ओरडले, इतके ओरडले की घसे बसले. मग कलाबाईने दोघांनाही हळदीचं दूध दिलं, आणि ते पिता पिता दोघं एकमेकांच्या गाडीचं बॉनेट उघडून आत बघत बसले. आत काय बघत होते ते देवाला ठाऊक. दोघांनाही इंजिनातलं काही कळत नाही.

तिथून हा क्लब सुरू झाला. दर रविवारी सकाळी बोअरचं पाणी आलं की हे दोघं गाड्या धुवायचे. मग माझा नवरा रामदास आमची अल्टो घेऊन त्यात घुसला. मग शेजारच्या गल्लीतले दोन ओडिया, एक काठियावाडी, सचिन गावच्या कारखान्यातला एक फोरमन. बाबुरावांच्या मुलीने, मनीषाने, मोबाइलवर ग्रुप काढून दिला, 'कोसाड कार क्लब'. एकूण नऊ गाड्या, त्यातल्या सहा धक्का मारल्याशिवाय सुरू होत नाहीत. तरी रविवारी त्या ओळीने उभ्या राहिल्या, हातगाडीवरचा वाफाळता डाळीचा लोचो आणि चहा आला की ही मंडळी अशी बोलायची, जणू गाड्यांचा कारखाना ह्यांचाच. रामदास घरी सात दिवसांत जेवढं बोलतो, त्याहून जास्त तिथे एका तासात बोलायचा. मला राग यायचा, पण बरंही वाटायचं. वीस वर्षं एका जिन्यात राहून ज्यांना एकमेकांची नावं माहीत नव्हती, ते आता एकमेकांच्या आईची दुखणी विचारत होते.

या सगळ्याच्या मध्यभागी उखा आणि बाबुराव. एक बोलणार, दुसरा मान हलवणार.

आणि एका रविवारी उखाने गाडी मागे घेतली.

मागे घेताना क्लबमधले आठही जण मदतीला. एक म्हणतो, "आववा दे, आववा दे." दुसरा म्हणतो, "आने दो, मास्टर." रामदास ओरडतो, "येऊ दे, येऊ दे, भरपूर जागा आहे!" सगळ्यांनी येऊ दे म्हटलं, बस कुणीच म्हटलं नाही. उखाचा बंपर बाबुरावांच्या ओम्नीच्या दाराला असा घासला की राखाडी रंग निघून आतलं लोखंड दिसायला लागलं.

बाबुराव पुढे आले. दारावरून नुसता हात फिरवला.

"अरे, चिंता काय करतोस?" उखा म्हणाला. "रंगाचं काम ना? कुठे घासलं होतं ते तुला स्वतःला सापडणार नाही. गॅरेजला नेलीस तर माझी शपथ आहे."

"करशील ना नीट?" बाबुरावांनी विचारलं.

"तीस वर्षं काय भेंडी विकली मी?"

शनिवारी दुपारी उखा डबे, ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन पार्किंगमध्ये बसला. आमचं पार्किंग इमारतीच्या पोटात, तिथे भर दुपारीही ट्यूबलाइट लावावी लागते. मी जिन्यातून तीनदा डोकावले. तो रंगाचा एक थेंब दारावर लावायचा, डोळे बारीक करायचा, पुन्हा डब्यात काळा किंवा निळा टाकायचा. चार तासांनी त्याने मला हाक मारली. "वहिनी, सांगा, जुना रंग कुठे संपतो?" खोटं कशाला बोलू, मला सांगता आलं नाही. ओरखडा गायब, सबंध दार नव्याने रंगवलेलं, तरी बाकीच्या गाडीशी एकरंगी.

रविवारी बाबुरावांनी ओम्नी उन्हात काढली आणि दार हिरवं दिसायला लागलं. हिरवं म्हणजे शेवाळ आलेल्या टाकीसारखं. बाकीची गाडी राखाडी, मधे हे एक दार.

आता यातली गंमत अशी, की ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात फुटतो, म्हणजे वेगळाच दिसतो, हे सुरतेतल्या डाइंगच्या धंद्यात पोरंटोरंही जाणतात. मिलमध्ये उखा स्वतः नवीन पोरांवर ओरडतो, "उन्हात नेऊन बघ रे आधी!" आणि हाच माणूस दोस्ताच्या गाडीपाशी ते विसरला. त्या सचिनवाल्या फोरमनने विचारलं, "बाबुभाई, एक दरवाजा दुसरी गाडीनो छे?" सगळे हसले. आणि घात असा, की उखासुद्धा हसला.

बाबुरावांनी गाडी आत लावली, किल्ली खिशात टाकली आणि वर निघून गेले. त्यांनी बावीस वर्षं लूमवर उभं राहून घेतलेली ती पहिली गाडी. तिच्यावर लोक हसले, आणि हसणाऱ्यांत दोस्त होता.

पाच रविवार बाबुराव खाली उतरले नाहीत. उखा दोनदा वर गेला. दोन्ही वेळा बाबुरावांच्या बायकोने, पार्वतीवहिनींनी, चहा दिला आणि बाबुराव आंघोळीला गेले. दुसऱ्या वेळी ते एक तास आंघोळ करत होते. उखा म्हणाला दार पुन्हा रंगवून देतो, तर आतून आवाज आला, "हात लावायचा नाही!"

क्लबही मरगळला. बॉनेटं उघडायची, पण मान हलवणारा नसल्यामुळे उखाचं बोलणं अर्ध्यावरच थांबायचं. तो गाडी धुताना वरच्या गॅलरीकडे बघायचा आणि एकच काच तीनदा पुसायचा. एकदा मी चिडवलं, "मास्तर, काच झिजेल." तो हसला नाही. तेव्हा मला कळलं, प्रकरण गंभीर आहे.

त्यातच भरीत पार्टी जवळ आली. थंडीत आम्हा खान्देशी लोकांना शेतात जाऊन भरीत खाल्ल्याशिवाय वर्ष गेल्यासारखं वाटत नाही. गावाकडून पंधरा किलो भरताची वांगी आली होती. पलसाण्याजवळ ओळखीच्या एका पाटीदाराचं शेत ठरलं होतं. क्लबच्या सगळ्या गाड्या एका रांगेत जाणार होत्या. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे पाठवले, बाबुरावांनी नाही.

आदल्या दोन दिवसांपासून उखाच्या गाडीवर चादर घातलेली. कलाबाईला विचारलं तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, "माले काय इचारतस बाई? त्यासलेच इचार."

पार्टीच्या रविवारी सकाळी आठला उखाने गाडी बाहेर उन्हात काढली आणि चादर ओढली. त्याच्या पांढऱ्याशुभ्र मारुतीचं डाव्या बाजूचं दार रंगवलेलं होतं. "आता घ्या," तो वर गॅलरीकडे बघून ओरडला, "माझ्या पण गाडीवर हसा! दोघांची दारं एकसारखी! हसायचं तर दोघांना हसा!"

कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या माना वर. बाबुराव गॅलरीत बनियनवर उभे होते. कठड्यावरून वाकून त्यांनी खाली बघितलं. मग आत गेले. उखाने चादरीची घडी करायला घेतली, तर ती काही केल्या जमेना.

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. बाबुराव खाली आले, सरळ उखाच्या गाडीपाशी गेले, वाकून दार बघितलं. मग आत जाऊन ओम्नी बाहेर काढली, मारुतीच्या शेजारी लावली. पुन्हा वाकले.

"हा कोणता रंग म्हणायचा?"

"तुझ्या दाराचा," उखा हळूच म्हणाला. "तू गाडी उन्हात काढेना. आठवणीनं लावला."

"माझं दार हिरवट हाय."

"हो ना."

"आन् हे जांभळट हाय."

उखाने मान तिरकी करून एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं. तीस वर्षांच्या त्या डोळ्यांनी उन्हात, सगळ्यांच्या देखत. त्याचा चेहराच पडला.

"आरं, चूक केलीस ती केलीस," बाबुराव म्हणाले, "तीच दुसऱ्यांदा करायची, तर ती बी सारखी येईना व्हय तुला?"

आणि ते हसायला लागले. न बोलणारा माणूस हसायला लागला की कसा हसतो बघा. खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं, मारुतीच्या टपाला धरून उभे राहिले. उखा आधी कसनुसा, मग मोकळा हसला. कलाबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "आते मिलवाला काढी टाकतीन तुमले!" मग तर कुणालाच आवरेना.

"पार्वती," बाबुरावांनी वर हाक मारली, "शर्ट टाक खाली. आन् तू बी चल."

त्यांनी ओम्नी तिथेच कुलूप लावून ठेवली आणि उखाच्या मारुतीत पुढे जाऊन बसले. जांभळट दारानेच आत शिरले.

"तुझी गाडी नाही घेत?" उखाने विचारलं.

"आत बसल्यावर भाईरचा रंग दिसत नाही," बाबुराव म्हणाले. "चल आता, वांगी सुकतील."

वांगी आमच्या अल्टोत होती. कलाबाई आणि पार्वतीवहिनीही आमच्याच अल्टोत कोंबल्या गेल्या, पाय ठेवायला जागा नाही म्हणून एकेक पिशवी मांडीवर घेऊन. पलसाण्यापर्यंत दोघी नवऱ्यांच्या तक्रारी सांगत होत्या, आणि मी पुढच्या सीटवर मागे तोंड करून बसले होते. एक शब्द सुटू दिला नाही.