सरूमावशींचं गाणं

लोकगीतं गाणाऱ्या सरूमावशी जत्रेतल्या मंचामागे माझ्या खांद्याला धरून उभ्या होत्या. शेतात तण काढणाऱ्या, भांगलणीच्या बायकांत गाता गाता या बाईने पुढे गावोगावच्या जत्रा गाजवल्या. घशाच्या ऑपरेशननंतर मात्र त्यांचा आवाज बसला तो बसलाच.

"आज नुसता नमस्कार करा, मावशी," मी म्हटलं.

"अगं, लोक गाणं ऐकायला आलेत."

माईकसमोर त्यांची पहिली ओळ निम्म्यातच तुटली. मग मैदानात मागे बसलेल्या बायकांनी ती ओळ पुरी केली, आणि बघता बघता सगळं मैदान गाऊ लागलं. एकीचा आवाज इतक्या गळ्यांत मुरलेला!

मावशी डोळे मिटून ऐकत होत्या. परत आल्यावर हळूच म्हणाल्या, "चांगलं गातात गं सगळी."