काटा पिवळ्यात होता

आमच्याकडे मुलांना काही विचारलं की उत्तर मोठी माणसं देतात. पाहुण्यांनी विचारावं, "सरबत घेणार का गं?" आणि आईने आतूनच म्हणावं, "नको तिला, घसा धरतो." नोएडाला मुलाकडे राहायला आले आणि नात पळायला लागली, तेव्हा तिच्या कोचना उत्तरं द्यायलाही मीच पुढे. ते तिला विचारायचे, "आज साँस कैसी है?" आणि बाकावरून मी, "ठीक है, पर सुबह खाँसी थी!"

पोरीला दमा आहे हो. थंडीत इथली हवा धुरकट झाली की तिची छाती वाजते, आणि माझा जीव टांगणीला.

शेवटी कोचनी हात जोडले. "आंटीजी, दौड़ना उसको है, तो बताएगी भी वही. अब आपसे नहीं पूछूँगा."

मला रागच आला. घरी सांगितलं तर नात म्हणते, "आजी, तू माझी वकील आहेस का?" मुलगाही हसला. मग मीही तोंड बंद ठेवायचं कबूल केलं.

डॉक्टरांनी तिला फुंकायची एक नळी दिली होती. जोरात फुंकलं की काटा वर सरकतो आणि तिथेच थांबतो. हिरव्या पट्टीत गेला तर पळायचं. पिवळ्यात अडकला तर दम्याचा पंप घ्यायचा आणि त्या दिवशी शर्यत नाही. लाल म्हणजे थेट डॉक्टर. रोज तिने स्वतः बघायचं, कोचना स्वतः सांगायचं.

जिल्ह्याच्या संघाची निवड होती त्या सकाळी मी दात घासायला गेले, तर नळी बेसिनपाशी पडलेली. काटा खाली करायचा ती विसरली होती. तो पिवळ्यात होता.

बाहेर आले तर ही बुटांच्या नाड्या बांधतेय. म्हटलं, आता सांगेल, मग सांगेल. कॅब आली. मुलगा आणि सून ऑफिसच्या कामाने बाहेरगावी, त्यामुळे आम्ही दोघीच. वाटभर ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी तिच्या छातीकडे. पंप घेतलास का, एवढंच विचारलं. "घेतला गं." ती पुन्हा खिडकीकडे वळली. वर्षभर या एका दिवसासाठी घाम गाळला होता पोरीने, मला काय कळत नव्हतं?

मैदानावर कोचनी विचारलंच, "साँस कैसी है?"

"ठीक है, सर."

आता बोलू की नको? बोलले तर ती पुन्हा कधी माझ्यासमोर खरं बोलणार नाही. नाही बोलले आणि मधेच हिचा श्वास अडकला तर? मनात ठरवलं, ती रेषेवर जाऊन उभी राहिली की मी ओरडणार. मग रुसली तर रुसू दे.

शर्यतीआधी अंग मोकळं करायला ती हळूहळू एक फेरी पळाली. वळणावर थांबली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. मी उठले. गुडघा कळवळला, तरी बसायच्या पायऱ्यांवरून दोन पायऱ्या उतरले. तेवढ्यात ती सरळ झाली आणि रेषेकडे न जाता कोचकडे गेली. ऐकू काही आलं नाही. ती खाली मान घालून बोलत होती. कोच आधी रागावलेले दिसले, मग त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि कागदावर काहीतरी खोडलं.

ती येऊन माझ्याशेजारी धपकन बसली.

"तू बघितलं होतंस ना सकाळी?"

"हो."

"मग बोलली का नाहीस? आज बोलायचं होतं ना यार!"

"तूच वकील काढून टाकलास."

हसता हसता रडायला लागली. रडताना खोकला, खोकताना पुन्हा रडणं. मी पाणी दिलं. पंप तिनेच पिशवीतून काढला.

"चल, घरी जाऊ," मी म्हटलं.

"नको. बघायचंय मला कोण जिंकतंय."

शिट्टी झाली, मुली सुटल्या. तिने त्यांच्यावरून नजर काढली नाही. मी मात्र शर्यत पाहिलीच नाही. तिच्या पाठीवर हात ठेवून बसले होते, छातीतली ती बारीक शीळ कमी होतेय का ते चाचपत.