दहा मिनिटांत न मावणारे डोंगरे काका

बाबा फर्स्ट शिफ्टवरून आले, सायकल भिंतीला टेकवली आणि दारातूनच म्हणाले, "डोंगरेभाऊ गेले… ड्युटीवरच, छातीत कळ आली." आई रडायला लागली. मला मात्र रडू यायच्या आधी राग आला. असं लिहायला संकोच वाटतो, पण खरं तेच आहे. काकांवरचा माझा शाळेतल्या चार वर्षांचा राग अजून शिल्लक होता, आणि ते असे निघून गेले.

डोंगरे काका बाबांच्याच कारखान्यात, प्लांटच्या टाइम ऑफिसात क्लार्क होते. कोण किती मिनिटं उशिरा आला ते लिहिणं हेच त्यांचं काम. कॅम्प-१ या मराठी मुलखाबाहेरच्या कामगार वस्तीत आमच्या शेजारी, त्यांच्या ओसरीवर, दर रविवारी सकाळी प्राथमिक शाळेतल्या मुलांचा नाटकाचा क्लब भरायचा. गणपतीत मंडळाच्या स्पर्धेत आमचं नाटक असे. वेळ दहा मिनिटं, घंटा झाली की पडदा. आणि काकांचा नियम एकच: जो येईल त्याला एक वाक्य. मुलं आदल्या दिवसापर्यंत येत राहायची. घरी तेलुगू किंवा छत्तीसगढी बोलणारीही यायची आणि मराठी वाक्य घोकायची. एका वर्षी तालमीतच आमच्या राजाला अकरा पहारेकरी झाले होते. प्रत्येक जण वेगळ्या शब्दांत शत्रू आल्याची खबर द्यायचा, आणि राजा अकराव्यांदाही दचकायचा.

माझं पाठांतर पक्कं, म्हणून शेवटचं वाक्य माझं. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी… चारही वर्षं मी तोंडाला पावडर लावून विंगेत उभी, आणि चारही वर्षं माझ्या आधी घंटा. आई पुढे सतरंजीवर बसलेली असायची. पडदा पडला की विचारायची, "तुह्यं कवा आहे?"

मंडळाचे अध्यक्ष हात जोडायचे, "डोंगरेजी, दस मिनट मतलब दस मिनट!"

"हो हो, घड्याळ माह्याच हाती आहे," काका म्हणायचे. टाइम ऑफिसातला माणूस!

पाचवीत, त्या अकरा पहारेकऱ्यांच्याच वर्षी, मी त्यांना धरलंच. "काका, मले कावून शेवटी ठेवता? चार पहारेकरी बस झाले ना."

"बाकीचे सात कोणते काढू? नावं सांग."

मी नावं सांगितली. सातही.

काकांनी ती बोटांवर मोजली. "बरोबर सांगितलं तू. या पोट्ट्यायलेच बोलता येत नाही. मग हे इथं नाही तर कुठं बोलतील?" आणि त्याच दिवशी त्यांनी बारावा पहारेकरी घेतला. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

तेरवीनंतरच्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. पाच वाजता तिथे कुणाचा तरी साखरपुडा होता, म्हणून तिघांनीच बोलायचं ठरलं होतं. डोंगरे काकू उठून म्हणाल्या, "क्लबातले जेवढे पोट्टे आले, तेवढे सगळे बोलतील." पोट्टे म्हणजे आता मिशा असलेले बाप्ये आणि कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. एकेक जण उठत होता, अडखळत होता, बसत होता. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून कागदावर लिहून आणलं होतं. काकूंनी मला शेवटी ठेवलं. मला हसावं की उठून जावं, कळेना.

माझी पाळी आली तेव्हा पाच वाजून गेले होते. साखरपुड्याची माणसं झेंडूच्या माळा घेऊन दारात उभी. मागच्या खुर्च्या हलायला लागल्या. अध्यक्षांनी हातानेच खूण केली, राहू दे. मी कागदाची घडी करून बसणार, तेवढ्यात मागून आई ओरडली, "बोल ना वं! मी कवाची बसून राहिली!"

मी कागद न उघडताच बोलायला लागले. श्रद्धांजली वाहायची होती, पण तोंडातून आधी भांडणच निघालं. "काका, तुम्ही मले चार वर्षं…" एवढं एकच वाक्य बोलून बसायचं, असं उठताना मनात होतं. ते संपेचना. माळा आणणारा माणूस दोनदा घड्याळ दाखवून गेला. तिसऱ्यांदा तो आत आला, मांडीवर माळा ठेवून खुर्चीवर बसला, आणि मी अजून बोलतच होते.